सोबत आलेल्यांसाठी कार्यक्रम

रेडिओ ऐकणाऱ्यांचं संमेलन पुन्हा भरतंय, असा निरोप परवा माझ्या मोबाइलवर आला. वयस्कर माणसांचा गट आहे. रोज सकाळी एकमेकांना फुलांची चित्रं पाठवतात आणि कुणी वारलं की हात जोडतात. नानांचा नंबर बंद झाल्यावर त्यांनी माझा शोधून काढला. निरोपाच्या शेवटी लिहिलंय : सोबत येणाऱ्या कुटुंबीयांचा वेळ आनंदात जावा म्हणून कोणते कार्यक्रम ठेवावेत, कृपया सूचना पाठवा. खाली कुणीतरी पापड प्रशिक्षण सुचवलंय, कुणी तापीकाठच्या प्रकाशा गावी देवदर्शन, कुणी संगीत खुर्ची. मी काही पाठवलं नाही. दिवसभर वॉर्ड सांभाळून आल्यावर मला असल्या गोष्टींचा राग यायलासुद्धा वेळ नसतो. पण कुटुंबीयांसाठीचा कार्यक्रम म्हणजे काय असतो ते मी एकदा चांगलं पाहिलं आहे, आणि ते इथे लिहून टाकते.

आमचं घर नंदुरबारला गावाच्या टोकाला होतं. त्यापुढे मिरचीच्या पथाऱ्या. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. हंगामात नजर जाईल तिथवर लाल. नाना एका व्यापाऱ्याच्या पथारीवर मुकादम होते आणि माय घरी पोती आणून मिरचीचे देठ खुडायची. तिच्या बोटांची आग कधी थांबायची नाही. ती मला वेणी घालायची तेव्हा माझं कपाळ चुरचुरायचं. घरात आम्ही तिघंच. माझ्या पाठची दोन राहिली नाहीत. तिघांच्या घरात चौथा रेडिओ, आणि मान त्याचाच. भिंतीत त्याच्यासाठी वेगळी फळी, वर भरतकाम केलेला रुमाल, तो मायनेच भरलेला. फर्माइशींचा कार्यक्रम सुरू झाला की घरात फोडणी द्यायची नाही, कारण तेल तडतडतं. भाकरी थापायची नाही, कारण आवाज होतो. शिंक आली तर बाहेर जायचं. मिरचीच्या घरात शिंक येणारच, तेव्हा आम्ही मायलेकी निम्मा कार्यक्रम ओट्यावर उभ्या राहून काढायचो. परिणाम असा की कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी मी लहानपणी कधी गरम खाल्ली नाही. नाना मात्र गाणं संपलं की ताटावर बसायचे आणि भाकरी वातड झाली म्हणून कुरकुरायचे.

"गानं सुरू शे, दखात नही का?" असं ते ओरडायचे.

"मंग गानंच खाशात का?" असं माय म्हणायची, पण चुलीकडे तोंड करून.

रेडिओ ऐकणारे लोक सगळीकडे असतात. नाना त्यातले नव्हते. नाना रेडिओवर नाव येणाऱ्यांतले होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : गाण्याची फर्माइश पोस्टकार्डावर पाठवायची, त्यावर आपलं नाव, घरातल्यांची नावं, आपल्या श्रोता संघाचं नाव लिहायचं. निवेदक गाणं लावण्याआधी ती सगळी नावं वाचतो. ती ऐकण्यासाठीच हा खटाटोप. गाणं ऐकायला कार्ड लागत नाही, गाणं तसंही लागतंच. नानांनी स्वतःचा संघ काढला होता, 'लाल मिरची रेडिओ श्रोता संघ, नंदुरबार'. अध्यक्ष ते, सचिव ते, आणि सभासद आम्ही. "नंदुरबार से शांताराम, निर्मला और उनके परिवार के सभी सदस्य." माय ही 'सभी सदस्य' होती. तिचं नाव त्यांनी कधी लिहिलं नाही, बाईमाणसाचं नाव चारचौघांत कशाला, म्हणून. माझं मात्र लिहायचे, आणि गाणी निवडायची ती कुणाच्या डोळ्यांची, कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्यांची. शाळेच्या फाटकाशी पोरं उभी असायची. "निर्मलाने काल कोणासाठी मागितलं होतं?" मी आठवीत असताना नानांना सांगितलं की माझं नाव लिहू नका. ते म्हणाले, "अवं, सारा देश तुन्हं नाव ऐकी ऱ्हायना, आनि तुले लाज वाटस?"

आमच्या नावांपाठोपाठ बहुतेक वेळा चोपड्याच्या एका कुटुंबाची नावं यायची. भटू अण्णा, सुनील, आणि मध्ये काही महिने रेखा. भटू अण्णा आणि नाना एकमेकांना कार्डं लिहून एकच गाणं, एकाच आठवड्यात मागायचे. त्यामुळे निवेदक दोन्ही नावं एका दमात वाचायचा. इतक्या वर्षांत दोघं एकदाही भेटले नव्हते. पण नानांना वाटायचं, त्या माणसाला आपण आतून-बाहेरून ओळखतो. जातही एकच निघाली, हे कार्डांवरून कळलं तेव्हा तर नानांनी त्या दिवशी शेव आणून शेवभाजी करायला लावली. ते म्हणायचे, "जो मानूस आसं गानं मांगस, त्याना घरमा वाईट काय ऱ्हाई?" हे ते खरोखर मानत होते. बाजारात मिरचीचं पोतं घेताना हात खालपर्यंत घालून तळाची मिरची काढून पाहणारा हा माणूस माणसांना मात्र गाण्यावरून पारखायचा. मध्ये रेखाचं नाव यायचं थांबलं तेव्हा नाना म्हणाले, "अण्णाना पोरनं लगन व्हई गयं वाटस. कार्ड टाकी बोलावं बी नही." आणि बरेच दिवस रुसून बसले.

मी बारावी झाले आणि धुळ्याला परिचारिका प्रशिक्षणात माझा नंबर लागला. माझी एवढी एकच इच्छा होती, ती मी लपवली नव्हती. मला घरातून जायचं होतं. रुग्णसेवा वगैरे मी तेव्हा बोलत नव्हते आणि आताही फारसं बोलत नाही. मला पगार हवा होता आणि गरम भाकरी हवी होती. नानांनी माझे कागद त्यांच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि म्हणाले, "पहिले संमेलन व्हवू दे. सहकुटुंब जानं शे. मंग पाहू." संमेलनाचा आणि धुळ्याचा काय संबंध, हे मी विचारलं. त्यांनी किल्ली कनवटीला लावली. हजर व्हायची तारीख जवळ आली होती. मी येणार नाही म्हणून अंगणात बसून राहिले, तेव्हा माय बाहेर आली. "चाल," ती म्हणाली. "येक दिसनी गोट शे. त्यासना जीव थंडा व्हई, मंग तू तुन्हा वाटे लाग." तिलाही काही माहीत नव्हतं, हे मी खात्रीने सांगू शकते.

संमेलन विसरवाडीला भरलं, कारण तिथे सगळीकडच्या गाड्या थांबतात. सुरतकडून येणाऱ्याला सोयीचं, धुळ्याकडून येणाऱ्याला सोयीचं. हमरस्त्याला लागून एक मंगल कार्यालय घेतलं होतं. संगीतप्रेमींनी जागा निवडली ती अशी, की दर दोन ओळींनंतर एखादा ट्रक हॉर्न वाजवत जायचा आणि आत बसलेले सगळे एकाच वेळी तोंड वाकडं करायचे. छातीवर बिल्ले लावलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. "अरे, तुम्ही नवापूरचे का? तुमचं नाव मी गेल्या दिवाळीत ऐकलं!" कुणी कुणाला तब्येत विचारत नव्हतं, फक्त, कोणत्या कार्यक्रमात नाव आलं, कितव्या गाण्याला आलं. नानांना तिथे पाहून मला धक्का बसला. घरात सतत वैतागलेला हा माणूस तिथे हसत होता, लोकांच्या पाठीवर थापा मारत होता. पाहुणे म्हणून एक निवृत्त निवेदक आणले होते. त्यांचा आवाज ऐकून दोघा-तिघांनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मायने डोक्यावरचा पदर नीट केला आणि मला म्हणाली, "याच आवाजनी मन्ह्या भाकरी वातड कऱ्यात."

कुटुंबीयांसाठीच्या कार्यक्रमाची पाटी दारातच होती. महिलांसाठी भव्य मांडे स्पर्धा, पहिलं बक्षीस ट्रान्झिस्टर. बाण मागच्या अंगणाकडे. आम्ही बायका बाण पाहत मागे गेलो. तिथे ओळीने चुली मांडलेल्या, प्रत्येक चुलीवर मातीचं खापर उपडं घातलेलं, घमेल्यांमध्ये भिजवून ठेवलेली कणीक आणि पातेली भरभरून पुरण. मांडे म्हणजे आमच्याकडची खापरावरची पुरणपोळी. पोळपाट लागत नाही, लाटणं लागत नाही; पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि एका झटक्यात तापल्या खापरावर टाकायचा. जिला येतं तिला येतं. पातेल्यांतलं पुरण पाहून बायकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही की ही स्पर्धा नसून दुपारचं जेवण आहे. महिला विभागाचा प्रमुख एक पुरुष होता. तो पांढऱ्या पँटमध्ये चुलींपासून लांब उभा राहून म्हणाला, "माता-भगिनींनो, परीक्षक मंडळी आत आहेत. मांडे ताटात आत पाठवायचे. चव, आकार आणि वेग यांवर गुण मिळतील."

"परीक्षक किती शेत, भाऊ?" एका बाईने विचारलं.

"सगळेच परीक्षक आहेत," तो म्हणाला.

अंगणात हशा पिकला, पण तो चांगला हशा नव्हता. शिरपूरकडची एक जाडशी बाई कमरेला पदर खोचत म्हणाली, "बक्षीसले रेडिओ! आखो येक! घरमा शे तो कमी पडना व्हई." दुसरी म्हणाली, "मी जितनू तं तठेच चुलमा घालसू." तरी सगळ्या चुलींपाशी बसल्या. आपण बसलो नाही तर आतली माणसं उपाशी राहतील आणि मग घरी गेल्यावर आपल्यालाच ऐकावं लागेल, हा हिशेब प्रत्येकीचा झालेला होता. मला तेव्हा त्यांची चीड आली होती. आता वाटतं, चीड ज्यांची यायला हवी होती ती माणसं आत पंख्याखाली बसलेली होती.

मायच्या शेजारच्या चुलीवर एक उंच, हाडकुळी बाई बसली होती. तिने मला हाक मारली. "पोर, आठे ये. तू निर्मला ना?" मी हो म्हटलं. "मी जिजाबाई. चोपड्यानी. भटू अण्णानी बायको." तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं, हात हातात घेऊन उलटसुलट केला आणि सोडून दिला. चेहऱ्यावर काही नाही. मायने तिला दोन गोष्टी विचारल्या, तिने एका शब्दात उत्तरं दिली. मायला ती शिष्ट वाटली असावी, कारण तिने स्वतःची चूल थोडी सरकवून घेतली. मला तूप वाढायचं आणि ताटं आत पोहोचवायचं काम दिलं होतं. तेवढ्यात जिजाबाईंचा मुलगा, सुनील, मागे आला. चांगला धट्टाकट्टा, केसांना तेल. त्याने माझ्याकडे पाणी मागितलं. मी दिलं. तो पेला हातात धरून माझ्याकडे बघत उभा राहिला आणि न पिता परत ठेवून गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला, पुन्हा तसंच. जिजाबाई एकदाही मान वर करून त्याच्याकडे पाहत नव्हती. तो जवळून गेला की तिचा खांदा किंचित आत वळायचा. हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायचं ते वय नव्हतं. आता माझ्या वॉर्डात एखादी बाई नवरा जवळ आल्यावर असा खांदा आवळून घेते तेव्हा मी नवऱ्याला बाहेर बसायला सांगते आणि मगच तिच्याशी बोलते.

अंगणात एक भोंगा लावलेला होता, म्हणजे आतला कार्यक्रम आम्हाला राबता राबता ऐकू यावा. आत सत्कार चालू होते. मग निवेदकाचा तो जाड, साखरेत घोळलेला आवाज आला. "और अब एक ख़ास फ़रमाइश. नंदुरबार के लाल मिरची श्रोता संघ से शांताराम जी, और चोपड़ा से भटू अण्णा जी. बरसों से इन दो परिवारों के नाम हमने साथ-साथ पढ़े हैं. आज ये परिवार सचमुच जुड़ रहे हैं. बिटिया निर्मला और चिरंजीव सुनील की सगाई की ख़ुशी में सुनिए..." आत टाळ्यांचा कडकडाट झाला. मग गाणं.

मी तुपाची वाटी घेऊन उभी होते. मायच्या दोन्ही हातांवर मांडा होता, कोपरापर्यंत पसरलेला. तो तिने फाटू दिला नाही. खापरावर टाकला, कडा सोडवल्या, भाजू दिला, घडी करून ताटात ठेवला. मग जिजाबाईकडे वळली. आजूबाजूच्या बायका "गोड करा, गोड करा" म्हणत होत्या, त्या गलक्यात या दोघींचं बोलणं फक्त मला ऐकू येत होतं.

"तुमले माहीत व्हतं?"

"माले पोर पाहाले आनेल शे," जिजाबाई म्हणाली. हात चालूच.

"निमीले धुये जानं शे. नर्सनं शिकाले."

जिजाबाईने पुढचा गोळा हातांवर झेलायला घेतला. सोयरीक जुळली की बायका जे विचारतात तेच माय विचारून गेली. "तुमनी रेखा कोठे दिधी?"

जिजाबाईचा हात थांबला. मांडा एका बाजूने लोंबायला लागला. "रेखा मन्ही आंडेर नही," ती म्हणाली. आंडेर म्हणजे लेक. "माले आंडेर नहीच."

"मंग?"

"सून व्हती. सुनीलनी बायको. माहेर गई, परत उनी नही." तिने मांडा खापरावर टाकला, तो वाकडा पडला. ती खापराकडेच पाहत बोलली. "हात उठस त्याना. मन्हावर बी उठस. तुमनी पोर देवू नका, बहीन. आनि मी सांगं, आसं कोठे सांगू नका. माले त्याच घर जानं शे."

एवढं बोलून ती पुढचा गोळा वळायला लागली. मायने हात धुतले. नीट, बोटांच्या बेचक्यांतलं पीठ काढून धुतले. कोपरांना लागलेलं तसंच राहिलं. पदर सावरला आणि ती पाटीवरच्या बाणाच्या उलट दिशेने, सभागृहात चालू लागली. मी वाटी तिथेच ठेवून मागे.

आत नाना आणि भटू अण्णा व्यासपीठावर शेजारी शेजारी हार घालून बसले होते. भटू अण्णा ठेंगणे, गोरे, हसरे. त्यांना पाहून कुणालाही ते आवडले असते. सुनील खाली पहिल्या रांगेत. माय पायऱ्या चढून वर गेली तसं गाणं थांबवलं. लोकांना वाटलं, विहीणबाई आल्या. निवेदकाने हसून माईक पुढे केला. "आइए बहनजी, आपकी भी कोई फ़रमाइश?"

माय जन्मात कधी माईकपुढे उभी राहिली नव्हती. तिने तो हातात घेतला नाही. त्यापासून थोडं लांब उभं राहून बोलली, तरी भोंग्यातून सगळीकडे ऐकू गेलं.

"माले येक इचारनं शे, अण्णा. इतला वरीस रेडिओवर तुमनी नावं ऐकात. भटू अण्णा, सुनील, रेखा, आसं वाचेत. मंग रेखानं नाव बंद व्हयनं. रेखा कोन व्हती?"

मागच्या अंगणात बसलेल्या जिजाबाईवर बोट जाणार नाही अशा बेताने माय बोलली. तिने सगळं रेडिओच्या नावावर घातलं. हे मला त्या क्षणी कळलं नाही. बसमध्ये बसल्यावर कळलं, आणि ज्या बाईला मी रोज देठ खुडताना पाहत होते ती किती हुशार आहे हेही कळलं. आता भटू अण्णा नाहीत, जिजाबाई नाहीत, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

भटू अण्णांचं हसू गेलं नाही, फक्त जागच्या जागी थिजलं. "ती... पाव्हनी व्हती. लांबना नातानी."

आणि इथे त्यांनी चूक केली. ते विसरले की समोर कोण बसलंय. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं ऐकून पाठ करण्यापलीकडे काहीही न केलेली ती माणसं होती. बायकोच्या माहेरचं गाव विसरतील, पण कुणाचं नाव कोणत्या गाण्याला आलं हे विसरणार नाहीत. तिसऱ्या रांगेतून रनाळ्याचे एक म्हातारे मास्तर उठले, धोंडू मास्तर म्हणून. त्यांना कुणावर आरोप करायचा नव्हता. त्यांना फक्त चुकीची माहिती सहन होत नव्हती.

"पाव्हनी कशी, अण्णा?" ते म्हणाले. "सुनील आनि रेखाना लगननं गानं तुम्हीच मांगं व्हतं. सकायना कार्यक्रममा. माले चांगलं याद शे."

"बरोबर!" मागून कुणीतरी ओरडलं. "बँडवालं गाणं! नवदांपत्य सुनील-रेखा!" आणखी दोघं-चौघं माना डोलावू लागले. एकाने ते गाणं गुणगुणून दाखवलं. ते सगळे क्षणभर खूशच झाले होते, आपल्या स्मरणशक्तीवर. मग हळूहळू, एकेक करून, आपण काय सिद्ध केलं हे त्यांच्या लक्षात आलं आणि माना डोलायच्या थांबल्या. सकाळचा कार्यक्रम नानांना कधीच ऐकता यायचा नाही. त्या वेळी ते पथारीवर असायचे. हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. लग्न झालेला मुलगा आपल्या पोरीला दाखवला याचं त्यांना वाईट वाटलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण आपला एक कार्यक्रम हुकला आणि तोच नेमका हुकला, हे त्यांना आधी लागलं.

"मन्ही आंडेर देनी नही," माय निवेदकाला म्हणाली. "तुम्ही आते जसं सांगं ना, तसंच हाई बी सांगा."

निवेदकाने सांगितलं नाही. त्याने घाईघाईने दुसरं गाणं लावायला खूण केली. सुनील उठून उभा राहिला होता, पण एवढ्या माणसांत तो काय करणार. नाना खुर्चीतून उठले आणि दात आवळून म्हणाले, "खाले उतर." माय उतरली. खाली येऊन थांबली नाही, सरळ दारातून बाहेर, रस्त्यावर. नाना हार गळ्यात तसाच ठेवून मागे आले.

रस्त्यावर ते जे बोलले ते सगळं मी लिहीत नाही. मुख्य म्हणजे मायने त्यांची इज्जत काढली, चारचौघांत, त्यांच्या माणसांत. मी पुढे होऊन विचारलं, माझं लग्न ठरवलं हे मला भोंग्यावरून का कळावं? तर म्हणाले, "सांगतू तं तू आवतीस का?" म्हणजे सगळं ठरवून होतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही मला त्या घरात पाठवणार होतात, एक गाणं आवडलं म्हणून. त्यांनी हात उचलला. माय मध्ये आली नाही. ती फक्त म्हणाली, "मारा. आतमधला सारा बाहेर येई ऱ्हायनात पाहाले." हात खाली आला.

तेवढ्यात सुरतकडून धुळ्याची बस आली. फाट्यावर ती थांबतेच. मायने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चालायला लागली. नंदुरबारची गाडीही त्याच बाजूला लागायची, म्हणून नानांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ओरडले, "कोठे चालनी? कागद मन्हा पेटीमा शेत!"

"ऱ्हाऊ द्या," माय वळून म्हणाली. "पोर तं पेटीमा नही ना."

कागद पुढे मामाने जाऊन आणले. पेटीचं कुलूप तोडावं लागलं. धुळ्याला मायची चुलतबहीण होती, हजर व्हायच्या दिवसापर्यंत आम्ही तिच्याकडे राहिलो. माय नंतर नंदुरबारला परत गेली आणि नानांच्या शेवटापर्यंत त्यांच्याजवळच राहिली. तिला दुसरीकडे जागा नव्हती, आणि मी नोकरीला लागल्यावर बोलावलं तर आली नाही; म्हणाली, घर मन्हं बी शे. नाना माझ्याशी बोलले ते थेट दवाखान्यात, दम लागून माझ्याच वॉर्डात आणलं तेव्हा. मी त्यांना नळी लावली आणि आडवं होऊ नका म्हणून सांगितलं. ते एक वाक्य बोलले, मी एक, तेही नळीबद्दलच. तिथे प्रेम वगैरे काही झालं नाही. मांडे स्पर्धेत त्या वर्षीचं पहिलं बक्षीस जिजाबाईंना मिळालं, असं पुढे कळलं. भटू अण्णांच्या फर्माइशी नंतरही येत होत्या, सुनीलचं नाव त्यांत असायचं. जिजाबाईंचं कधीच नव्हतं.

बस सुटली तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिलं. भटू अण्णाही बाहेर आले होते. नाना त्यांच्यापुढे उभे होते आणि हात जोडून त्यांची माफी मागत होते. बायकोच्या वतीने. भटू अण्णा त्यांचे जोडलेले हात खाली घेत होते, मोठ्या मनाने. मायनेही ते पाहिलं. कोपराला वाळलेलं पीठ ती नखाने खरवडत राहिली.

कंडक्टर आला. त्याने मायच्या हातांकडे पाहिलं, मग मागे दिसणाऱ्या मंगल कार्यालयावरच्या फलकाकडे.

"कोठे, बहीन?"

"धुये. दोन."

"संमेलनथून उठी उन्यात का? सरी गयं का?"

"त्यासनं चालू शे," माय म्हणाली. "आमनं सरी गयं."